होडीचा ‘पारंपरिक’ रंग

पाच वर्षांपूर्वी घराच्या मागच्या पडवीत मी एक होडी बांधली. बारा फुटी, फणसाच्या फळ्यांची, दोन माणसे आणि एक जाळे मावेल एवढी. मी सुतार नाही आणि दर्यावर्दी तर नाहीच. नोकरी सांभाळून गेली पंचवीसेक वर्षे कोकणातल्या जुन्या वस्तूंची माहिती जमवतो. त्यामागे कुठल्या विद्यापीठाची पदवी नाही. जे कळले ते माणसांना विचारून, पुस्तके वाचून आणि बऱ्याचदा चुकून कळले. होडी बांधायला गावातल्या एका जुन्या सुताराने हात दिला. ती उभी राहिली आणि प्रश्न आला, हिला रंग कोणता द्यायचा?

माझे उत्तर तयार होते. पारंपरिक. दुकानातून शेडकार्ड आणले. त्यात ‘हेरिटेज’ नावाचे एक पान होते. गडद हिरवा, साईसारखा पांढरा, विटकरी, काळपट निळा. जुन्या इंग्रजी पुस्तकांतल्या होड्यांच्या चित्रांशी ते रंग जुळत होते. बाहेरून हिरवा, आतून साईचा, काठाला विटकरी असे दोन दोन हात मारले. होडी देखणी दिसू लागली. येणारेजाणारे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. कर्ली खाडीच्या काठावरचा एक म्हातारा तांडेल तेवढा गप्प होता. फारच खोदून विचारले तेव्हा म्हणाला, “होडयेक रंग कसलो रे? आधी तेल पाज तिका. रंग मगे.”

दुसरा पावसाळा सरल्यावर होडी उलटी केली. तळाजवळच्या एका फळीवरचा रंग शाबूत होता, चकचकीतही होता. तिथे अंगठा दाबला तर तो आत गेला. रंगाच्या कातडीखाली लाकडाचा भुसा झाला होता.

त्या दिवसापासून ‘पारंपरिक रंग’ हे दोन शब्द मी तपासत आलो आहे. होडीचा पारंपरिक रंग म्हणून आज आपण जे दाखवतो, रंगवतो आणि विकतो, त्याला आधार काय, तो आधार कितपत टिकतो आणि टिकत नसेल तर परंपरा कुठे शोधायची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

चित्रांची साक्ष

जुन्या होडीचा रंग कोणता होता असे विचारले की आपण आधी चित्रांकडे धाव घेतो. आपल्याकडचे सर्वांत मानाचे चित्र अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातले. उंच डोलकाठ्या, शिडे आणि रांजण असलेले ते जहाज सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याच आधाराने गोव्यात फळ्या दोरीने शिवून ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधले गेले आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते भारतीय नौदलात दाखल झाले. आकार आणि शिडांची मांडणी यांसाठी त्या भित्तिचित्राचा आधार घेणे योग्यच होते.

रंगासाठी मात्र ते चित्र साक्षीदार म्हणून उभे करता येत नाही. अजिंठ्याच्या चित्रकाराजवळ गेरू होता, पिवळी माती होती, हिरवी माती, काजळ, पांढरा आणि अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा निळा होता. त्याने हत्ती रंगवला तो याच रंगांत, राजकन्या रंगवली ती याच रंगांत आणि जहाजही याच रंगांत. जहाज तांबूस दिसते याचा अर्थ खरे जहाज तांबूस होते असा होत नाही. चित्रकाराकडे गेरू मुबलक होता, एवढाच अर्थ काढता येतो. त्यात १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन संवर्धकांनी चित्रांवर लाखेचा थर दिला आणि तो पुढे पिवळा पडत गेला. म्हणजे आपण जो रंग पाहतो त्यात पंधराशे वर्षांचे ऊनपाणी आहे आणि शंभर वर्षांपूर्वीची लाखही आहे.

दुसरा लोकप्रिय पुरावा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या रंगीत पोस्टकार्डांचा. मुंबईचे बंदर, कोळ्यांच्या होड्या, शिडांचे पडाव यांची ही कार्डे आज जुन्या वस्तूंच्या बाजारात चढ्या भावाने जातात. हॉटेलांच्या भिंतींवर ती मोठी करून टांगतात आणि त्यांवरून होड्यांच्या प्रतिकृती रंगवतात. पण मूळ छायाचित्र काळेपांढरे असे. रंग छापखान्यात चढत आणि अशी बरीच छपाई जर्मनीत होत असे. ज्याने होडीला निळा पट्टा दिला त्या कारागिराने मुंबईचा समुद्र पाहिला असण्याची शक्यता फार थोडी. त्याने विकले जाईल असे कार्ड बनवले. ते आवडून घेण्यात काहीच गैर नाही. पुरावा म्हणून वापरले की बिघडते.

तिसरा आधार अभ्यासकांचा. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेलने १९२० साली भारतीय होड्यांच्या बांधणीवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. आजही आपल्या उलांडीच्या होड्यांबद्दल लिहिताना त्याच्याकडे जावेच लागते. १९२३ साली त्याने होडीच्या नाळेवर रंगवल्या जाणाऱ्या डोळ्यांवर स्वतंत्र लेख लिहिला. त्याचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याच्या अभ्यासाचा रोख होडीचा आकार कुठून आला यावर होता. हा आकार अरबांचा, हा पूर्वेकडच्या बेटांवरचा, अशी वंशावळ लावणे हे त्या काळच्या मानववंशशास्त्राचे आवडते काम होते. रंगाकडे लक्ष गेले ते चिन्ह म्हणून, डोळा म्हणून. डोळ्याच्या खाली अख्ख्या होडीला दर वर्षी काय फासले जाते, ते कशात कालवतात आणि कोण फासतो हा प्रश्न त्या चौकटीत महत्त्वाचा नव्हता. आमच्याकडच्या अभ्यासकांनीही पुढे हीच चौकट चालवली. होडीची लांबी, रुंदी, शिडाचा कापड आपण नोंदवला, पण डब्यात काय आहे ते विचारले नाही.

बाहत्तर थर

चित्र फसवते, पण प्रत्यक्ष जपून ठेवलेले जहाज तरी खरे सांगेल असे वाटते. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ हे जहाज आहे. १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईतले. काळे आणि गडद पिवळे पट्टे ही त्याची ओळख. कित्येक पिढ्यांनी ते तसेच पाहिले, खेळण्यांत आणि चित्रांत तसेच रंगवले. मग लिंकन विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी लाकडावरच्या रंगाचे सूक्ष्म छेद घेऊन तपासले. रंगाचे ७२ थर मिळाले. त्यांतून लढाईच्या काळचा थर ओळखला तेव्हा तो ओळखीचा गडद पिवळा नव्हताच. फिकट, किंचित गुलाबी झाक असलेला मातकट रंग होता. २०१५ साली जहाज त्या रंगाने पुन्हा रंगवले. अनेकांना तो आवडला नाही. ‘आमचे पारंपरिक जहाज बिघडवले’ असेच त्यांना वाटले.

हा अनुभव आपल्याला परका नाही. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर शतकानुशतके चढत गेलेले शेंदराचे थर उतरवले गेले. आतून मूर्तीचे वेगळेच रूप प्रकटले. ज्या रूपाला आपण आणि आपल्या आजोबांनी हात जोडले ते थरांचे रूप होते. त्यात अश्रद्धेचा प्रश्न नाही. रंग हा वर्षानुवर्षे चढवत राहण्याचा प्रघात होता, प्रत्येक थर त्या त्या पिढीने मनापासून दिला होता आणि प्रत्येक थराने आधीचा झाकला होता. परंपरा म्हणून बोट दाखवायचे असेल तर त्यांतल्या कोणत्या थराकडे दाखवायचे? मला वाटते, थर देण्याच्या कामाकडे दाखवावे. मूर्तीचे आणि जहाजाचे उत्तर इथे एकच येते.

‘व्हिक्टरी’पासून आपल्याकडे येणारा एक सरळ धागा आहे. ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून बांधले गेले आणि १८१७ साली पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. त्याचे अंग काळे आणि पट्टा पांढरा. म्हणजे नेल्सनच्या काळचा पिवळा पट्टा त्याच नौदलात पुढे पांढरा झाला. एकाच आरमारात, हुकमाने रंग ठरत असतानाही ‘पारंपरिक’ पट्टा बदलला. मग हुकूम नसलेल्या आपल्या खाड्यांमध्ये एकच एक जुना रंग कसा सापडणार?

डब्यात काय होते

आता तांडेलाच्या बोलण्याकडे येतो. आधी तेल, रंग मगे. हे वाक्य मी पहिल्यांदा विरस म्हणून ऐकले होते. पुढे किनाऱ्यावर फिरून विचारत गेलो तेव्हा कळले की त्यात सगळी पद्धत भरलेली आहे. जुन्या होडीला एक रंग नसेच. होडीच्या प्रत्येक भागाला वेगळा शत्रू होता, म्हणून वेगळे लेपण होते आणि त्या लेपणाला जो रंग येई तो होडीचा रंग.

पाण्याबाहेरच्या अंगाला तेल. मुशीच्या काळजाचे तेल, तारलीचे तेल, उंडीच्या बियांचे तेल, काजू बीच्या टरफलाचे तेल. माशाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, पण फळीच्या रंध्रांत शिरून. वर पापुद्रा धरत नाही. काजूच्या टरफलाचे तेल तर जहाल. हाताला लागले तर कातडी जाते, आणि त्याच जहालपणामुळे किडा लाकडाला तोंड लावत नाही. ते दिले की फळी आधी तांबूस, मग दर वर्षी काळी होत जाते. जुन्या होड्या काळ्या दिसतात त्या अशा. कुणी काळा रंग निवडला म्हणून नव्हे. इथे परंपरेचे वयही पाहू. काजू हे झाड ब्राझीलचे, ते पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणले. म्हणजे ज्याला आपण कोकणाचे अस्सल होडीतेल समजतो ते एके काळी परदेशातून आलेली नवलाई होते. आपल्या माणसांनी ते तपासले, उपयोगाचे दिसले, ठेवून घेतले. उंडी मात्र इथलीच.

पाण्याखालच्या तळाला चुना. शिंपल्यांचा किंवा दगडी चुना तेलात किंवा चरबीत मळून तळाला फासायचा ही रीत अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर होती. अरबांची मोठी जहाजे लाकडासाठी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत. त्यांच्याही अंगाला माशाचे तेल आणि तळाला चुना-चरबी असे. तेलातली आम्ले आणि चुना एकत्र आले की पाण्यात न विरघळणारा एक प्रकारचा साबण तयार होतो. तळाचा पांढरा रंग म्हणजे हा साबण. त्याचा शत्रू होता लाकूड पोखरणारा समुद्री किडा. किडा म्हणतो खरे, पण तो शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे, त्याच्या डोक्याशी दोन छोट्या शिंपा असतात आणि त्यांनी तो लाकूड कातरत जातो. फळी बाहेरून धड आणि आतून चाळण, हे त्याचे काम. लेप निघाला की तो शिरलाच. म्हणून होडी वर ओढायची, खरवडायची, पुन्हा लेपायची.

मोठ्या जहाजांसाठी पुढे दुसरा उपाय निघाला. इंग्रजी आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले आणि वीसेक वर्षांत सगळे आरमार तांब्याने मढवले. तांबे समुद्री जिवांना मानवत नाही. आजही तळाच्या रंगात तांब्याचे एक लाल भस्म घालतात. कुठल्याही बंदरात मोठ्या बोटीचा तळ लाल दिसतो त्याचे मूळ यात आहे. इथेही रंग औषधाच्या पाठोपाठ आला.

लाल म्हटले की आपल्याकडच्या तीन डब्यांची नावे घ्यायला हवीत. पहिला गेरू, म्हणजेच आमच्याकडची काव. कोकणातल्या आणि गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवर चुन्यात काव वापरून कोरलेली कावी चित्रे आहेत ती याच मातीची. दुसरा हिरमुजी. हा शब्द होर्मुझ बंदरावरून आला, तिथली लाल माती जहाजांनी आपल्याकडे येत असे. एका रंगाचे नावच बंदराचे आहे. काव आणि हिरमुजी दोन्ही लोखंडाच्या मात्या. उन्हाने विटत नाहीत, स्वस्त, निरुपद्रवी.

तिसरा डबा शेंदराचा, आणि इथे जरा थांबायला हवे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे लाल भस्म. ते तेलात कालवून मारुतीला, म्हसोबाला चढवतात. हेच भस्म जवसाच्या तेलात कालवून युरोपातल्या गोद्यांमध्ये लाकडाला आणि पुढे लोखंडाला पहिला हात म्हणून देत. गावाच्या वेशीवरचा शेंदरी दगड आणि गोदीतले जहाज यांची पाककृती एकच. तेलाशी शिसे मिळून चिवट, पाणी न शोषणारी साल तयार होते, म्हणून दगडावर शेंदराचे कवच चढते आणि शतके टिकते. हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा फार आनंद झाला. होडीला शेंदूर लावायचा बेतही केला. मग शिशाबद्दल वाचले. शिसे अंगात साठते, मुलांच्या मेंदूला इजा करते. घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. ज्या होडीत मी नातवाला बसवणार तिला परंपरेच्या नावाने शिसे फासणे हा शहाणपणा नव्हे. बेत सोडला.

राहिला होडीचा आतला भाग. माझी खरी चूक इथे झाली होती. लाकडाला खाऱ्या पाण्याचे भय कमी, गोड्याचे जास्त. पावसाचे पाणी आत साचते, फळ्यांच्या सांध्यांत मुरते आणि बुरशी धरते. मी आतून बाहेरून तकतकीत रंगाचा पापुद्रा दिला होता. फणसाची फळी पुरती सुकलेली नव्हती. आतला ओलावा बाहेर यायला वाट राहिली नाही आणि पावसाचे पाणी मात्र बारीक चिरेतून आत गेले. रंगाने लाकूड वाचवले नाहीच, शिवाय कुजणे माझ्यापासून लपवले. तेल दिलेली फळी असती तर काळवंडलेला ओला डाग मला पहिल्याच पावसाळ्यात दिसला असता.

मी शेडकार्डावरच्या ‘हेरिटेज’ पानावर रागावलो आहे तो यासाठी. त्या पानाने दिसणे उचलले आणि काम टाकून दिले. भिंतीचा रंग आणि होडीचे लेपण यांना एकाच डब्यात घातले. जुन्या पद्धतीत रंग पाहून होडीची तब्येत कळत असे. नव्या ‘पारंपरिक’ रंगात तब्येत झाकली जाते.

निळ्याचे वय

मालवण, हर्णै, वर्सोवा, कुठल्याही बंदरावर आज उभे राहा. झगझगीत निळा, पिवळा, लाल, पांढरा. परदेशी पाहुणे याचेच फोटो काढतात आणि आपणही ‘कोळ्यांचे पारंपरिक रंग’ म्हणून ते छापतो. यातल्या निळ्याची जन्मतारीख पाहू.

गुळीची नीळ जुनी, पण ती कापडाची. तेलात कालवून समुद्राच्या उन्हात ठेवली तर टिकत नाही. लाजवर्द सोन्याच्या भावाचा, तो होडीला कोण लावणार? प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये निघाला. कपड्यांना देतो ती नीळ कारखान्यात बनू लागली १८२८ नंतर. आणि उन्हापावसात टिकणारा, स्वस्त, भडक निळा म्हणजे थॅलो ब्लू बाजारात आला १९३५ साली. बंदरावरचा निळा बहुतेक याच जातीचा. म्हणजे हा पारंपरिक रंग माझ्या आजोबांपेक्षा लहान आहे.

पांढऱ्याचेही तसेच. चुन्याचा पांढरा जुना. आजचा लख्ख पांढरा टिटॅनियमचा, तो पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा. गंमत म्हणजे ज्या खनिजापासून तो करतात ते इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. काळ्या पुळणीवर पांढरी होडी, आणि दोघींचे गोत्र एक.

यात आणखी एक थर अलीकडचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले दहशतवादी मासेमारी नौका पळवून मुंबईपर्यंत आले होते. त्यानंतर मासेमारी नौका दुरून ओळखता यावी म्हणून राज्यवार रंग ठरवून देण्याचे धोरण आले. कारण रास्त आहे. पण पन्नास वर्षांनी कोणी तरी या रंगांकडे बोट दाखवून ‘हे अमुक किनाऱ्याचे पारंपरिक रंग’ असे लिहील, याची मला खात्री आहे. नेल्सनच्या पट्ट्यांचे असेच झाले.

तर मग निळा खोटा म्हणायचा का? मी तसे म्हणणार नाही. कोळी माणसाने काजूचे तेल तपासून घेतले तसा हा निळाही घेतला. तो समुद्रावर दुरून दिसतो, विटत नाही, बायकोला आवडतो. नारळी पौर्णिमेच्या आधी होडी नव्यासारखी दिसावी ही हौस तर खरीच जुनी आहे. आक्षेप आहे तो त्याला अनादि म्हणण्याला. जी माणसे नवे पारखून घेत आली त्यांना आपण गोठलेल्या चित्रात बसवतो.

दुसरी बाजू

हे सगळे मी एका तरुण होडीवाल्याला सांगितले. त्याची होडी फायबरची. तो हसला. “काका, तुमका हौस आसा. आमच्या आजयेचे हात बघितलास काय? काजूच्या तेलान जळलेले.” माझ्याकडे याला उत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. मुशीच्या तेलाचा वास आठ दिवस घरातून जात नाही. चुना मळणे, तळ खरवडणे हे काम कंबर मोडणारे. ते बहुतेक वेळा ज्यांची होडी नसे त्यांच्या वाट्याला येई. ऑइलपेंटचा डबा आला तेव्हा लोकांनी तो आनंदाने घेतला आणि त्यांचे बरोबर होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. तेवढ्यात दुरुस्ती, इंजिन, जाळी सगळे उरकायचे. त्यात तेल मुरायची वाट कोण पाहील?

जुने ते सगळे निर्दोष, हा भ्रम मला शेंदराने आधीच घालवून दिला होता. नवेही निर्दोष नाही. तळाला शेवाळ धरू नये म्हणून विसाव्या शतकात कथिलाचे एक संयुग घातलेले रंग आले. ते इतके परिणामकारक होते की त्यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे कालवही बिघडवले. तिथे १९८२ साली लहान बोटींवर त्यांना बंदी आली आणि पुढे जगभर आली. म्हणून जुने की नवे हा प्रश्नच मला निकामी वाटू लागला आहे. प्रत्येक डब्याला तीन प्रश्न विचारावेत. हा लाकडाचे काय करतो? लावणाऱ्या हाताचे काय करतो? खाडीतल्या कालवांचे काय करतो? जुन्या माणसांनी यातला पहिला प्रश्न फार बारकाईने विचारला. दुसरा विचारायची मुभा सगळ्यांना नव्हती. तिसरा विचारण्याची पाळी आपल्यावर आली आहे.

माझी होडी

शेवटी होडीचे काय केले ते सांगतो. कुजलेली फळी काढून टाकली आणि नवी सुकवलेली बसवली. सगळा हिरवा रंग खरवडला, त्याला अख्खा मे महिना गेला. बाहेरून आणि आतून उंडीचे तेल आणि उकळलेले जवसाचे तेल मिसळून पाजले. पहिले दोन हात फळीने गटागट घेतले, तिसरा सावकाश, चौथा वर राहू लागला तेव्हा थांबलो. तळाला काव त्याच तेलात घट्ट कालवून दिली. माझी होडी खाडीत कायम तरंगत नसते, काम झाले की वर ओढतो, म्हणून तांब्याच्या रंगाची गरज पडली नाही. ज्याची होडी वर्षभर पाण्यात त्याने माझे ऐकू नये. पावसाळ्यात ती उलटी घालून वर झापांचे छप्पर करतो, मध्ये वारा खेळेल एवढी जागा ठेवून.

काठाला एक पट्टा आहे, निळा. तो नातवाने मागितला. १९३५ चा निळा, माहीत असून दिला. तो मला होडीचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो, कारण त्याचे वय मला ठाऊक आहे आणि तो शोभेसाठी आहे हे तो लपवत नाही.

या वाचकांमध्ये किनाऱ्यावरचे बरेच असतील. त्यांना एक विनंती. आपल्या वाडीतला जो कोणी जुना सुतार किंवा तांडेल असेल त्याच्याजवळ वही घेऊन बसा. होडीचा रंग कोणता होता असे विचारू नका, तो ‘काळो’ म्हणेल आणि गप्प बसेल. डब्यात काय होते, ते कुठून आणत, कशात कालवत, कोणत्या महिन्यात लावत, कोण लावत असे विचारा. उत्तरे त्याच क्रमाने येतील आणि रंग आपोआप कळेल. ही माहिती कुठल्या चित्रात नाही आणि संग्रहालयात ठेवलेल्या होडीवर तर वार्निश मारलेले असते. ती या माणसांच्या हातांत आहे, आणि ते हात आता ऐंशीच्या घरात आहेत.

गेल्या दिवाळीनंतर तो म्हातारा तांडेल होडी पाहायला आला. रंगाबद्दल काहीच बोलला नाही. वाकून तळाजवळच्या फळीवर अंगठा दाबला, सरकवत नाळेपर्यंत नेला, हुंगला आणि म्हणाला, “ह्या वर्साक पुरे. फुडल्या मे महिन्यात परत पाज.”